पिकअप त्याच कंपनीची, इंजिन जवळपास तेच. मग पेट्रोल वेगळं का?

गेल्या उन्हाळ्यात माझा मावसभाऊ ह्यूस्टनला आला आणि दोन महिन्यांत त्याने वापरलेली जीएमसी सिएरा पिकअप घेतली. पहिल्यांदा पेट्रोल भरायला गेला, तेव्हा पंपावरूनच त्याचा फोन आला. "दादा, इथे तीन बटणं आहेत. सत्त्याऐंशी, एकोणनव्वद आणि त्र्याण्णव. शेजाऱ्याची सिल्व्हराडो सत्त्याऐंशीवर मजेत चालते. माझ्या गाडीच्या पुस्तकात प्रीमियम लिहिलंय. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, इंजिनं दिसायलाही सारखी. मग मीच का जास्तीचे पैसे मोजायचे?"

मी म्हटलं, "आत्ता त्र्याण्णवचं दाब. घरी ये, मग बोलू."

त्या संध्याकाळी त्याला जे सांगितलं, ते इथे क्रमाने लिहितोय. अमेरिकेत नव्याने आलेल्या आणि पहिल्यांदा पिकअप घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. आणि उत्तर म्हणून बहुतेकांना मिळतं ते 'मी तर नेहमी साधंच भरतो, काही होत नाही' एवढंच. तेवढ्यावर पन्नास-साठ हजार डॉलरची गाडी सोडू नये.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे ट्रक म्हटलं की डिझेलची मालवाहू गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत लोक 'माझा ट्रक' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ती पिकअप असते, आणि त्यातल्या बऱ्याचशा पेट्रोलवर चालतात. पेट्रोलला तिथे 'गॅस' म्हणतात. डिझेलच्या पिकअपही असतात, पण पेट्रोलच्या बटणांवरचे ८७-९३ हे आकडे ऑक्टेनचे, आणि डिझेलचा ऑक्टेनशी संबंध नाही. तिथे सीटेन नावाचा वेगळाच अंक असतो. डिझेलची नळी बहुधा हिरव्या मुठीची असते, पण काही कंपन्यांच्या पंपांवर पेट्रोललाच हिरवी मूठ असते. म्हणून रंग बघू नका, अक्षरं वाचा. डिझेलची जाड तोटी पेट्रोलच्या टाकीत सहसा शिरतच नाही. पेट्रोलची बारीक तोटी मात्र डिझेलच्या टाकीत आरामात जाते, आणि तिथेच नवख्यांची फसगत होते.

पहिली पायरी: पंपावरचा आकडा कोणत्या मोजपट्टीतला, ते ओळखा

भारतातून आलेला माणूस अमेरिकेतलं ८७ पाहून दचकतो. आपल्याकडे बरीच वर्षं साधं पेट्रोल ९१ आणि प्रीमियम ९५ अशी सवय होती. मग अमेरिकेतलं पेट्रोल हलकं का? तसं नाही. भारतात, युरोपात आणि आखातात पंपावर जो आकडा असतो, तो 'रॉन'. तो एका प्रमाणित चाचणी इंजिनावर मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या सौम्य परिस्थितीत काढतात. दुसरी चाचणी 'मॉन'. तिथे ९०० फेऱ्या असतात आणि आत जाणारं मिश्रण सुमारे १४९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेलं असतं, म्हणून मॉनचा आकडा रॉनपेक्षा साधारण आठ-दहाने कमी येतो. अमेरिकेत या दोन्ही आकड्यांची सरासरी काढून पंपावर पिवळ्या चौकोनात छापतात. त्यामुळे तिथलं ८७ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९१-९२, आणि तिथलं ९१ म्हणजे आपलं साधारण ९५.

दुबईत राहणाऱ्यांनी हे उलट दिशेने लक्षात ठेवावं. तिथे ९१, ९५ आणि ९८ हे रॉनमधले आकडे आहेत. अमेरिकन पिकअपच्या पुस्तकात अमेरिकी मोजपट्टीतलं '९१' मागितलं असेल आणि तुम्ही दुबईच्या पंपावर '९१' भरलंत, तर गाडीला हवं त्यापेक्षा चार अंकांनी कमी भरलंत. तिथे ९५ भरायला हवं.

राज्याराज्यांतही फरक आहे. टेक्सासात ८७, ८९, ९३ दिसतं. कोलोराडोत गेलात तर पहिल्याच बटणावर ८५, मग ८७ आणि ९१. म्हणजे ह्यूस्टनमध्ये 'सगळ्यात डावीकडचं दाबायचं' अशी सवय लागलेला माणूस डेन्व्हरला ८५ भरून मोकळा होतो. त्या ८५ बद्दल पुढे बोलतो, कारण तो विषय महत्त्वाचा आहे.

दुसरी पायरी: ऑक्टेन म्हणजे काय, आणि काय नाही

ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये जास्त ऊर्जा असते, हा समज मी पुण्यातही ऐकला आणि टेक्सासातही. इथेनॉलचंच उदाहरण घ्या. त्याचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त, पण लिटरमागे ऊर्जा मात्र पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच. इंजिन स्वच्छ ठेवण्याचाही ऑक्टेनशी संबंध नाही; ते काम पेट्रोलमध्ये मिसळलेल्या डिटर्जंटचं.

ऑक्टेन म्हणजे फक्त एक गोष्ट: दाबलं, तापवलं तरी ठिणगी पडेपर्यंत आणि ठिणगीची ज्योत पोहोचेपर्यंत थांबून राहण्याची पेट्रोलची क्षमता. १९२०च्या दशकात ग्रॅहम एडगर यांनी त्यासाठी दोन द्रवांची मोजपट्टी ठरवली. आयसोऑक्टेन सहजासहजी आपोआप पेट घेत नाही, त्याला १०० गुण. साधं हेप्टेन लगेच पेटतं, त्याला शून्य. तुमचं पेट्रोल ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकं तग धरत असेल, तर त्या चाचणीत त्याचा अंक ९१.

थांबून राहणं इतकं महत्त्वाचं का? ज्यांनी ऊसतोडीनंतर पाचट जाळताना पाहिलंय, त्यांना हे पटकन कळेल. वाऱ्याचा अंदाज घेऊन एका बांधाकडून काडी लावली की आग रांगेत पुढे सरकते, आपण तिच्याबरोबर चालू शकतो. सिलिंडरमध्येही असंच हवं. प्लग ठिणगी टाकतो, ज्योत एका कडेने सरकत जाते, दाब हळूहळू वाढतो आणि पिस्टन नीट खाली ढकलला जातो. पण ज्योत पुढे सरकताना पलीकडच्या कोपऱ्यातलं मिश्रण आणखी दाबलं जातं, तापतं. ते ज्योत येण्याआधीच आपोआप भडकलं, तर दाबाचा एकदम फटका बसतो आणि धातू टणकन वाजतो. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. हलकं असेल तर पिंगिंग.

अमेरिकेत येण्याआधी चाकणला एका कारखान्यात मी चार वर्षं इंजिन टेस्ट बेडवर काम केलं. तिथे मुद्दाम नॉकमध्ये चालवलेल्या इंजिनाचा एक पिस्टन आम्ही कपाटात जपून ठेवला होता, नव्या मुलांना दाखवायला. वरून पाहिला तर एका कडेला वाळूचा मारा केल्यासारखा खरबरीत झालेला. बोट फिरवलं की बारीक खड्डे नखाला लागायचे. खाली दोन रिंगांमधली ॲल्युमिनियमची पट्टी तुटून तुकडा निघालेला. तो पिस्टन एकदा हातात घेतला की नॉक म्हणजे नुसता आवाज, असं पुन्हा कोणी म्हणत नसे.

तिसरी पायरी: तुमच्या इंजिनाला जास्त का लागतं, ते समजून घ्या

मावसभावाचा प्रश्न इथेच होता, आणि मलाही सगळ्यात आवडतो तो हाच भाग.

सिएरा आणि सिल्व्हराडो या जनरल मोटर्सच्या (जीएमच्या) पिकअपमधली २०१४ पासूनची दोन व्ही-आठ, म्हणजे आठ सिलिंडरची, इंजिनं घ्या. एक ५.३ लिटरचं, दुसरं ६.२ लिटरचं. घराणं एकच. दोन्हींचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, दोन्हींत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, आणि पिस्टनची वर-खाली धाव, म्हणजे स्ट्रोक, दोन्हींत ९२ मिलिमीटर. फरक दोन ठिकाणी आहे. पहिला कॉम्प्रेशन रेशोचा: ५.३ मध्ये ११ ला १, ६.२ मध्ये साडेअकरा ला १. म्हणजे पिस्टन खाली असताना साडेअकरा भाग जागेत मावणारं मिश्रण वर येताना एका भागात कोंबलं जातं. जास्त कोंबलं की जास्त तापतं. अर्धा अंक लहान दिसतो, पण ५.३ ला ८७ वर ठेवायचं गणित काठावरच जमवलेलं असतं.

दुसरा फरक सिलिंडरच्या रुंदीचा, आणि तो बरेच जण विसरतात. ५.३ चा बोअर ९६ मिलिमीटर, ६.२ चा १०३.२५. एवढ्याने काय होतं? ज्योतीला भिंतीपर्यंत जास्त अंतर कापावं लागतं. म्हणजे कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापत वाट पाहायला जास्त वेळ मिळतो. पाचटाचं रान मोठं असलं की पलीकडच्या कडेला ठिणगी उडून भलतीकडेच पेट घेण्याची भीती वाढते, तसंच.

त्या बदल्यात मिळतं काय, तेही पाहा. २०१४ च्या सुमारास ५.३ ला ३५५ अश्वशक्ती होती आणि ६.२ ला ४२०. कंपनीने प्रीमियम पेट्रोल गृहीत धरून ही जास्तीची ताकद काढलेली आहे. तुम्ही जास्तीचे पैसे मोजता ते या कराराचा आपला भाग म्हणून.

आता कोणी म्हणेल, मग सरळ कॉम्प्रेशन रेशो पाहायचा आणि पेट्रोल ठरवायचं. इथेच फसायला होतं. फोर्ड एफ-१५० मधल्या ५ लिटर व्ही-आठ इंजिनाचा रेशो २०१८ पासून १२ ला १ आहे, म्हणजे जीएमच्या ६.२ पेक्षाही जास्त. तरी ते ८७ वर चालतं. कारण त्याचा बोअर फक्त ९३ मिलिमीटर, प्रत्येक सिलिंडरला चार झडपा आणि प्लग जवळजवळ मधोमध. ज्योतीला सगळ्या बाजूंना थोडंथोडंच जायचं असतं. शिवाय त्यात पेट्रोल दोन ठिकाणांहून येतं, त्यातलं थेट आत फवारलेलं पेट्रोल वाफ होताना मिश्रणातली उष्णता शोषतं. उन्हाळ्यात माठ झिरपून पाणी गार होतं, तेच तत्त्व.

याहून बोलकं उदाहरण रॅमचं. २०२५ च्या रॅम १५०० पिकअपमध्ये ३ लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं इंजिन दोन प्रकारांत मिळतं. साध्या प्रकाराचा रेशो १०.४ आणि ताकद ४२० अश्वशक्ती. जास्त ताकदीच्या प्रकाराचा रेशो उलट कमी, ९.५, आणि ताकद ५४०. तरीही प्रीमियम लागतं ते दुसऱ्याला. साध्याचं ८७ वर भागतं. कारण टर्बो. साध्यात टर्बोचा दाब जास्तीत जास्त २२ पीएसआय, दुसऱ्यात २६. हवा सिलिंडरमध्ये शिरण्याआधीच टर्बोने दाबून आणलेली असते, आणि पिस्टन तिला आणखी दाबतो. रेशो मुद्दाम कमी ठेवलाय तो या जास्तीच्या दाबाला जागा करून द्यायलाच. पुस्तकातला एकच आकडा उचलून शेजाऱ्याला सल्ला देऊ नये, ते यासाठी.

एकाच आकारमानाचं इंजिनही गाडीच्या कामानुसार वेगळं बांधतात. ६.४ लिटरचं हेमी इंजिन रॅमच्या जड पिकअपमध्ये १० ला १ रेशोचं आहे, ओझं ओढायला. तेच ६.४ लिटर डॉज चॅलेंजरसारख्या वेगवान गाडीत १०.९ चं, आणि तिथे ९१ मागतं. ट्रक बनवणाऱ्याला माहीत असतं की हा माणूस उन्हात, चढावर, मागे ट्रेलर लावून खालच्या गिअरमध्ये खेचणार आहे. म्हणून तो हात राखून रेशो ठेवतो.

चौथी पायरी: तुमच्या गाडीत नेमकं कोणतं इंजिन आहे, ते शोधा

वापरलेली गाडी घेणाऱ्यांसाठी ही पायरी सगळ्यात मोलाची. विकणारा 'व्ही-आठ आहे' एवढंच सांगतो. ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली डॅशबोर्डवर सतरा अक्षरांचा व्हिन क्रमांक दिसतो. त्यातलं आठवं अक्षर इंजिनाचं. उदाहरणार्थ, २०१४ ते २०१८ च्या सिल्व्हराडो-सिएरामध्ये तिथे 'सी' असेल तर ५.३ आणि 'जे' असेल तर ६.२. भाऊ दिव्याखाली वाकून वाचत होता आणि मी फोनवर पुस्तकाचं पान उघडून बसलो होतो. 'जे' निघालं.

मग त्या इंजिनाचं नाव असलेला इंधनाचा परिच्छेद गाडीच्या पुस्तकात काढा. छापील पुस्तक नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलचं, त्याच वर्षाचं पुस्तक फुकट मिळतं. वर्ष नीट पाहा. एकाच इंजिनासाठी कंपन्या वर्षागणिक शब्द बदलतात.

शब्दच पाहायचे आहेत. 'रिक्वायर्ड' असेल तर ते सक्तीचं आहे. त्याखालचं पेट्रोल फक्त अडीअडचणीला, तेही पुढच्या पंपापर्यंत. 'रिकमेंडेड' असेल तर खालच्या दर्जाचं चालेल, पण ताकद आणि मायलेज थोडं कमी होईल आणि ओझं ओढताना त्रास होऊ शकतो. 'ॲक्सेप्टेबल' किंवा 'मिनिमम' म्हणून दिलेला आकडा म्हणजे तळ, त्याखाली जायचं नाही. रॅमच्या ५.७ हेमीला वर्षानुवर्षं ८९ रिकमेंडेड आणि ८७ ॲक्सेप्टेबल असं लिहीत आलेत. त्याचा अर्थ असा की रोज कामावर ये-जा करायला ८७ ठीक, सुट्टीत बोट ओढून न्यायची असेल तेव्हा ८९.

टाकीच्या झाकणाकडेही एकदा नजर टाका. पिवळं झाकण किंवा पिवळी कडी असेल, तर गाडी बहुधा फ्लेक्स-फ्युएल आहे, म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं ई-८५ तिला चालतं. बाकीच्या गाड्यांत ई-८५ भरायचं नाही, ते कितीही स्वस्त दिसलं तरी. पंपावर '८८' असं बटण दिसलं तर ते बहुधा १५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं. २००१ आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या गाड्यांत ते भरायला परवानगी आहे, पण आधी तुमचं पुस्तक काय म्हणतं ते वाचा. ई-८५ चं ८५ आणि कोलोराडोच्या पंपावरचं ८५ हे पूर्ण वेगळे आकडे आहेत. पहिला इथेनॉलचा टक्का, दुसरा ऑक्टेन.

पाचवी पायरी: कमी ऑक्टेन भरलं तर आत काय घडतं

'काही होत नाही' म्हणणारा खोटं बोलत नाही. आत काय होतंय ते त्याला दिसत नाही, एवढंच. आजच्या इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. धातूची विशिष्ट थरथर त्याला जाणवली की तो संगणकाला कळवतो आणि संगणक ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. ठिणगी उशिरा पडली की सर्वोच्च दाब कमी होतो आणि नॉक थांबतं. पण दाब कमी म्हणजे पिस्टनला ढकलणंही कमी, उरलेली उष्णता एक्झॉस्टमधून वाया.

जीएमच्या इंजिनांच्या संगणकात ठिणगीचे दोन तक्ते असतात, एक चांगल्या पेट्रोलचा, एक हलक्या पेट्रोलचा. नॉक वारंवार जाणवलं की संगणक हळूहळू दुसऱ्या तक्त्याकडे सरकतो. म्हणूनच बरेच दिवस ८७ भरून मग एकदा ९३ भरलं तर लगेच फरक जाणवत नाही आणि माणूस म्हणतो, 'पाहिलंत, पैसे फुकट गेले.' गाडीला पुन्हा पहिल्या तक्त्याकडे यायला थोडं चालावं लागतं.

सेन्सरची एक मर्यादा लक्षात ठेवा. नॉक झाल्यावरच त्याला ते कळतं. रोजच्या सपाट रस्त्यावर हे पुरेसं आहे. उन्हाळ्याच्या दुपारी, चढावर, मागे तीन टन ओझं असताना, इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर पाय दाबून धरला, तर टायमिंग मागे घेऊन घेऊन संगणकाकडे जागाच उरत नाही. कमी फेऱ्यांवर धोका जास्त, कारण तिथे कोपऱ्यातल्या मिश्रणाला प्रत्येक वेळी तापायला जास्त वेळ मिळतो. अशा वेळी पत्र्याच्या डब्यात शेंगदाणे हलवल्यासारखा आवाज येतो. काच खाली करून, रेडिओ बंद करून ऐका. आवाज आला तर पाय सैल करा, एक गिअर खाली घ्या म्हणजे फेऱ्या वाढतील आणि दाब कमी होईल. आपल्या घाटात जुने ड्रायव्हर हेच शिकवायचे, वेगळ्या कारणासाठी असेल, पण इंजिनाच्या भल्याचंच.

आता कोलोराडोचं ८५. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० मीटर उंच आहे. तिथे हवा विरळ, सिलिंडरमध्ये कमी भरते, दाब कमी होतो, म्हणून जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या ८५ वर निभावून न्यायच्या. त्या काळात हे बरोबरच होतं. पण टर्बो असलेलं इंजिन विरळ हवाही दाबून आत भरतं, त्याला उंचीचा हा फायदा जवळजवळ मिळतच नाही. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकांत किमान ८७ लिहिलेलं असतं, आणि डोंगरावर सूट मिळते असं तिथे कुठे लिहिलेलं नसतं. शिवाय डेन्व्हरला टाकी भरून तुम्ही कॅन्ससच्या सपाटीवर उतरलात, तर ते ८५ तुमच्याबरोबर खाली येतं आणि हवेचा दाब मात्र वाढत जातो. कोलोराडोत मधलं बटण दाबा.

सहावी पायरी: खिशाचा हिशेब

भावाला कागदावर मांडून दाखवलं. समजा वर्षाला बारा हजार मैल, गॅलनला सोळा मैल, म्हणजे ७५० गॅलन. साधं आणि प्रीमियम यांत ८० सेंटचा फरक धरला तर वर्षाला ६०० डॉलर. फरक तुमच्या पंपावरचा घ्या आणि स्वतः गुणाकार करा. रक्कम लहान नाही. म्हणूनच हा हिशेब गाडी घेण्याआधी करायचा असतो. ज्याला फक्त मुलांना शाळेत सोडायचं, आठवड्याचं सामान आणायचं आणि कधीतरी लाकूड वाहायचं, त्याने ५.३ घ्यावी, ८७ भरावं आणि निश्चिंत राहावं. प्रीमियमच्या पैशांनी त्याला काहीही जास्त मिळणार नाही, कारण ते इंजिन त्या पेट्रोलसाठी बांधलेलंच नाही. ६.२ घ्यायची तर ६०० डॉलर त्या गाडीच्या हप्त्यातच धरायचे. ६.२ घेऊन ८७ भरत राहणं म्हणजे पैसे मोजून घेतलेली ताकद परत करणं.

फोर्डच्या साडेतीन लिटर इकोबूस्टसारखी काही टर्बो इंजिनं मधल्या जागेत बसतात. पुस्तक म्हणतं ८७ चालेल, पण ओझं ओढताना आणि कडक उन्हात प्रीमियम बरं. तिथे मी स्वतः कामाप्रमाणे भरतो. ट्रेलर लावायच्या आदल्या दिवशी टाकी जवळजवळ रिकामी असेल अशी आखणी करायची आणि मग प्रीमियम भरायचं. टाकीत अर्धं साधं असताना वरून प्रीमियम घातलं तर मिळतं ते मधलंच काहीतरी: अर्धं ८७ आणि अर्धं ९३ म्हणजे साधारण ९०. अनेक पंपांवरचं ८९ सुद्धा जमिनीखालच्या दोन टाक्यांतलं मिसळूनच बनतं.

दुकानात मिळणाऱ्या ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांबद्दल एकच सांगतो. 'तीन पॉइंट वाढवते' असं लिहिलेलं असतं, तेव्हा एक पॉइंट म्हणजे बहुधा ऑक्टेनच्या एका अंकाचा दहावा भाग. ८७ चं ८७.३ होईल. त्या बाटलीच्या किमतीत प्रीमियमचे कितीतरी गॅलन वरच्या दराने भरता येतात.

चुकीचं भरलंच तर

घाबरू नका, टाकी रिकामी करायची गरज नाही. सक्तीचं प्रीमियम असलेल्या गाडीत ८७ गेलं, तर पाय हलका ठेवा, ओझं ओढू नका, पाव टाकी संपली की वरून प्रीमियम भरा, पुन्हा पाव संपली की पुन्हा भरा. आवाज येत नाही ना, तेवढं ऐकत राहा. उलट झालं, म्हणजे ८७ च्या गाडीत ९३ गेलं, तर पैशाखेरीज काहीही बिघडलेलं नाही.

बरोबर पेट्रोल भरूनही आवाज येत असेल, तर कारण दुसरीकडे शोधा. जुन्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर कार्बन साचतो. तो जागा अडवतो म्हणून रेशो वाढतो, आणि तापून लालही होतो. कूलंट कमी असेल, रेडिएटर चोंदला असेल, कोणीतरी चुकीच्या उष्णतेच्या श्रेणीचे प्लग बसवले असतील, तरी हेच होतं. यातलं कूलंट तुम्ही स्वतः पाहू शकता, गार इंजिनावर कूलंटच्या टाकीची रेघ. बाकीचं मेकॅनिककडे सोपवा आणि त्याला 'नॉक रिटार्ड किती दाखवतंय', म्हणजे नॉकमुळे ठिणगी किती मागे घेतली जातेय, असं नेमकं विचारा. स्कॅनर लावून गाडी चालवली की ते अंशांमध्ये दिसतं, अंदाजाची गरज राहत नाही.

आणि एक, जे पेट्रोलशी संबंधित नाही, पण ६.२ वापरलेली घेणाऱ्याला सांगितलंच पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने २०२१ ते २०२४ च्या ६.२ लिटर इंजिनांच्या बऱ्याच गाड्या क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या दोषासाठी परत बोलावल्या. इंजिनातून येणारी प्रत्येक ठकठक पेट्रोलची नसते. शेंगदाण्यांसारखी हलकी खडखड, चढावर येणारी आणि पाय सोडला की थांबणारी, ती पेट्रोलची. खालून येणारी जड, फेऱ्यांबरोबर वाढत जाणारी ठोक, ती बेअरिंगची, आणि ती ऐकल्यावर गाडी जागेवर उभी करायची. घेण्याआधी व्हिन क्रमांक सरकारच्या रिकॉल संकेतस्थळावर टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

भावाची गाडी २०१७ ची, म्हणून ती त्यात येत नव्हती. आम्ही त्याच रात्री त्याच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मराठीत चिठ्ठी चिकटवली: 'किमान ९१. टेक्सासात ९३ चं बटण. दुबईत ९५.' दुबईचं त्याने स्वतः लिहिलं, कारण पुढच्या वर्षी त्याची बदली तिकडे होईल असं त्याला वाटतंय.